शेजारचं टेबल

कोर्ट उठल्यावर थेट इथे आलेले वकील बंधू-भगिनी, भीमेवरचा पूल ओलांडून आलेली दौंडची मंडळी, आणि पुढच्या दोन रांगा मोकळ्या सोडून मागे बसलेले ज्युनियर मित्रहो,

तुम्ही मागे का बसलात ते मला माहीत आहे. मीही तिथेच बसायचो.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते माझे सीनियर नव्हते. निमंत्रणपत्रिका वाचून बऱ्याच जणांचा तसा समज झालेला दिसतो, म्हणून आधीच सांगतो. त्यांच्या ऑफिसात मी एक दिवसही काम केलं नाही. उलट माझे सीनियर आणि ते निम्म्या फायलींत समोरासमोर असत. बाररूममध्ये त्यांचं टेबल आमच्या टेबलाला लागून होतं, एवढाच संबंध. आमच्या पिढीला ते ‘वकीलसाहेब’. कोणते वकीलसाहेब, असं कुणी विचारत नसे.

मला दिलेला विषय आहे ‘वकील संघटना आणि नवोदितांचं मार्गदर्शन’. हा ‘मार्गदर्शन’ शब्द ऐकला की मला हार, नारळ आणि माईकची खरखर आठवते. मला बोलायचं आहे ते एका वकिलाने दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन विचारलेल्या प्रश्नाबद्दल, आणि त्याला मिळालेल्या किंवा न मिळालेल्या उत्तराबद्दल. त्यासाठी एका संध्याकाळचा हिशेब सांगतो.

सनद मिळून मला दोन वर्षं झाली होती. सीनियर आजारी होते, पुण्यात दवाखान्यात. ऑफिस माझ्या भरवशावर, म्हणजे खरं तर कारकुनाच्या भरवशावर. अशात ताब्याच्या एका दाव्याचा निकाल आमच्या विरुद्ध गेला. तारीख ३ जून. पक्षकार सत्तरीचे, तीन एकराचे मालक, दर तारखेला येताना पिशवीतून शेंगा घेऊन यायचे. अपील करायचं ठरलं. मी नकलेचा अर्ज दिला २७ जूनला. तोवर पेरणीची गडबड, पक्षकाराच्या हातात पैसे नव्हते आणि मलाही घाई वाटत नव्हती. नक्कल तयार झाली ८ जुलैला. ती हातात आल्यावर मी मनाशी गणित केलं : नक्कल मिळाल्यापासून तीस दिवस, म्हणजे ७ ऑगस्ट. आता निवांत.

१४ जुलैची संध्याकाळ. पाऊस, वीज गेलेली, बाररूममध्ये आम्ही दोघंच. वकीलसाहेबांनी सहज विचारलं, “काय रे, ते अपील लावलंस का?”

“लावतो सर. सात ऑगस्टपर्यंत मुदत आहे.”

ते काही बोलले नाहीत. टेबलावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, ती उलटी केली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे सरकवली. “लिही. निकाल तीन जून. तो दिवस सोड. तीस दिवस कधी भरतात?”

“तीन जुलै.”

“नकलेत किती दिवस गेले? अर्जाचा दिवस आणि नक्कल तयार झाल्याचा दिवस, दोन्ही धरून.”

मी बोटं मोजली. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग एक ते आठ. “बारा.”

“ते बारा मिळव.”

“पंधरा जुलै.”

“आज किती?”

मुदतीच्या कायद्याचं कलम १२ मी कॉलेजात वाचलं होतं. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. नकलेसाठी गेलेले दिवस वजा होतात, हे मला पाठ होतं. ते तेवढेच वजा होतात, घड्याळ नव्याने सुरू होत नाही, हे मात्र त्या पत्रिकेच्या पाठीवर कळलं. त्या क्षणी पोटात जे झालं ते इथल्या प्रत्येक वकिलाने एकदा तरी अनुभवलं असणार. ज्याने नसेल अनुभवलं त्याने आपल्या जुन्या फायली एकदा उघडून बघाव्यात.

घाबरून मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हात मागे घेतला. “फाईल मला दाखवू नकोस. ती तुझ्या पक्षकाराची आहे. मुद्दे तू लिही. अपिलाच्या मेमोला काय काय जोडायचं ते मी सांगतो.” मग मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी तोंडी यादी सांगितली : नक्कल, वकालतनामा, कोर्ट फी, हुकूमनाम्याच्या स्थगितीचा वेगळा अर्ज, त्याला प्रतिज्ञापत्र, आणि प्रतिज्ञापत्रावर सही करायला पक्षकार सोबत हवा, म्हणून आत्ताच्या आत्ता गावात निरोप. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी आणि ते सत्तरीचे गृहस्थ जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. अपील मुदतीत दाखल झालं.

वकीलसाहेबांनी ही गोष्ट माझ्या सीनियरना कधीच सांगितली नाही. मला वाटतं, कुणालाच सांगितली नाही. शेवटी मीच सांगितली, वीस वर्षांनी, तीही अशाच एका भाषणात.

आता यात नेमकं झालं काय? त्या दाव्यात ते कुठल्याच बाजूला नव्हते, म्हणून विचारू शकले. विरुद्ध बाजूला असते तर गप्प बसणं हाच त्यांचा धर्म होता आणि ते बसलेही असते. त्यांनी फाईल पाहिली नाही, फी घेतली नाही, पक्षकाराला आपल्याकडे ओढलं नाही. त्यांना माझ्याकडून काही येणं नव्हतं, मलाही त्यांचं काही देणं नव्हतं. माझ्या सगळ्या बोलण्याचं सार इथेच आहे. ज्युनियरला सीनियर हवाच. पण त्याखेरीज त्याच्या पोटापाण्याशी संबंध नसलेला आणखी एक वकील हवा, आणि तो मिळवून देणं हे बार असोसिएशनचं काम आहे.

आपल्या धंद्यात शिकवायचं कुणी, याचं उत्तर दोनदा दिलं गेलं आणि दोनदा मागे घेतलं गेलं. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये मुळात पदवीनंतर प्रशिक्षण आणि परीक्षा दोन्ही होतं. १९७३ च्या दुरुस्तीने ते गेलं. पुढे १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम केले, की सनदेआधी एक वर्ष वकिलाच्या हाताखाली शिकायचं. व्ही. सुधीर यांच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. प्रशिक्षण वाईट आहे असं न्यायालय म्हणालं नाही. तसा नियम करायचा अधिकार कौन्सिलला या कायद्याने दिलेला नाही, असं म्हणालं. मग २०११ पासून अखिल भारतीय परीक्षा आली. २०२३ मध्ये घटनापीठाने ती परीक्षा वैध ठरवली आणि जाता जाता १९९९ च्या निकालातली भूमिकाही बरोबर नव्हती असं सांगितलं. पण ते एक वर्ष काही परत आलं नाही. आज परीक्षा आहे, बेअर ॲक्ट उघडून देता येते. तीत पास होणाऱ्याला पत्रिकेच्या पाठीवर दिवस मोजता येतीलच असं नाही.

गंमत अशी, की बार कौन्सिलच्या वर्तननियमांत ४५ क्रमांकाचा एक नियम अजून तसाच आहे. सनदेसाठी लागणारं शिक्षण देण्याबद्दल वकिलाने शिकाऊ उमेदवाराकडून फी मागणं किंवा घेणं गैर, असा त्याचा आशय. शिकणं सक्तीचं राहिलं नाही, शिकवण्याचे पैसे घ्यायची बंदी तेवढी उरली. टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला तो चरितार्थासाठी, फी घेऊन, आणि त्यात कमीपणा काही नव्हता. वर्ग ही एक गोष्ट आणि शेजारच्या टेबलावरून आलेला प्रश्न ही दुसरी. पहिलीला फी असू शकते, दुसरीला ती लावताच येत नाही.

विलायतेत बॅरिस्टर होणाऱ्याला ‘इन’मध्ये ठरावीक जेवणं घ्यावी लागत. गांधींनी इनर टेंपलमध्ये घेतली, बाबासाहेबांनी ग्रेज इनमध्ये. आपल्याकडे त्याची बरीच थट्टा झाली : जेवून बॅरिस्टर झाले म्हणून. पण त्यामागची कल्पना अगदीच खुळी नव्हती. नवख्याने जुन्यांच्या पंक्तीला बसावं, त्यांची बोलणी कानावर पडावीत. आपल्याकडे ते काम बाररूमच्या चहाने केलं. फरक एवढाच की तिकडे आता शिकाऊ बॅरिस्टरला पैसे देणं बंधनकारक आहे आणि आपल्याकडे चहाचे पैसेसुद्धा कधी कधी ज्युनियरच देतो.

शिरूरच्या या भूमीवर उभं राहून वकिलीबद्दल बोलायचं तर १८७५ सालाला वगळून चालत नाही. शिरूर तालुक्यातलं करडे. डिसेंबर १८७४ मध्ये तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी घर खाली करून घेण्याचा हुकूमनामा मिळवला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्यात दंगा झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं, आणि आजचं दौंडही त्याच भीमथडीतलं. पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. लोकांनी माणसं फारशी मारली नाहीत. दप्तरं बाहेर काढली आणि खतं जाळली. नंतरच्या चौकशीत समोर आलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. दावे मोठ्या प्रमाणात एकतर्फी निकालात निघत होते. समन्स आलं ते कळलं नाही, कळलं तर कोर्टात जायची हिंमत नाही, गेला तर काय बोलायचं ते सांगणारं कुणी नाही.

१८७९ मध्ये दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून गावोगाव फिरून काम केलं. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत या दौऱ्यांबद्दल वाचायला मिळतं. त्या कायद्यात आपल्याला झोंबणारी एक तरतूद होती. लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांना उभं राहायला त्यात मज्जाव होता. सरकारच्या दृष्टीने वकील हा औषधाचा भाग नव्हता, रोगाचा होता. मला ती तरतूद अपमानकारक वाटते. तरीही ती करावीशी का वाटली, हा प्रश्न आपण टाळू नये. नवख्या वकिलाने कैफियत वेळेत दिली नाही, ‘नो डब्ल्यूएस’ झाला आणि दावा एकतर्फी गेला, तर १८७५ च्या कुणब्यात आणि आजच्या पक्षकारात काय फरक राहिला? त्याचं खत खोटं होतं, याची तारीख चुकली.

आता माझी बाजू. वकीलसाहेबांनी मला वाचवलं, पण त्यातून मी लगेच शहाणा झालो असं समजू नका.

त्या संध्याकाळनंतर साधारण पंधरा वर्षांनी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. माझं ऑफिस चाललं होतं, हाताखाली तिघं होते. एक दिवस दुसऱ्या एका ऑफिसातला मुलगा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. बसला नाही, उभाच. त्याचा निशाणी ५ चा अर्ज नामंजूर झाला होता. मनाई हुकमासाठी अपिलात जावं की दाव्याचीच सुनावणी लवकर लावून घ्यावी, एवढंच त्याला विचारायचं होतं. प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला पाच मिनिटं लागली असती. मी म्हणालो, “तुझ्या सरांना विचार.”

तो “हो सर” म्हणाला आणि गेला.

मला नंतर कळलं, की ती फाईल त्याची स्वतःची होती. मामाच्या गावातल्या कुणाची तरी. ऑफिसातल्या कामाखेरीज घेतलेली, सीनियरला न सांगता. म्हणजे ज्या एका माणसाला तो विचारू शकत नव्हता त्याच्याकडे मी त्याला पाठवलं होतं. आठेक महिन्यांनी त्याने वकिली सोडली, औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत लागला, सनद स्थगित करून घेतली. माझ्या एका वाक्यामुळे त्याने वकिली सोडली असं मी म्हणत नाही. माणूस एका वाक्याने जात नाही. संकष्टीला रांजणगावच्या देवळात अधूनमधून भेटतो. “बरं चाललंय सर,” म्हणतो. त्याला ते वाक्य आठवतही नसेल.

‘तुझ्या सरांना विचार.’ आपल्या सगळ्या बारमध्ये हे वाक्य सौजन्य म्हणून चालतं. दुसऱ्याच्या ज्युनियरमध्ये लुडबुड करू नये, ही त्यामागची भावना. पण ज्युनियर आपल्या सरांना काय काय विचारू शकत नाही, याचा विचार करा. ‘सर, पैसे कधीपासून देणार?’ हे विचारता येत नाही. ‘मी स्वतंत्र ऑफिस कधी टाकू?’ हेही नाही. ‘काल साहेबांपुढे तुम्ही जे सांगितलंत ते तसं नव्हतं ना?’ हे तर स्वप्नातसुद्धा नाही. आणि ‘माझ्याकडून चूक झाली’ हे सर्वात शेवटी, फार उशिरा, सगळं हाताबाहेर गेल्यावर.

वकील मुलींची अडचण आणखी वेगळी. १९२३ चा कायदा झाला तेव्हा कुठे बायकांना वकिलीची दारं रीतसर उघडली. आज शिरूरच्या, दौंडच्या बारमध्ये मुली दिसतात, चांगल्या संख्येने दिसतात. पण तालुक्याच्या ऑफिसातलं खरं शिक्षण सुरू होतं संध्याकाळी सात वाजता, पक्षकार निघून गेल्यावर, फायली आवरताना. सात वाजता मुलीला घरी जायचं असतं, गावाकडची शेवटची एसटी पकडायची असते. मुलगे त्या दोन तासांत जे उचलतात ते तिच्या वाट्याला येत नाही, आणि मग आपणच म्हणतो, मुली टिकत नाहीत. दुपारी, उजेडात, बाररूममध्ये विचारायची सोय असली तर यातलं निम्मं तरी भरून निघेल.

‘तुझ्या सरांना विचार’ हे वाक्य मी बंद केलं त्याला आता दहा वर्षं झाली. मध्ये काय शिकलो त्यातली एक गोष्ट सांगतो.

एक मुलगी वाटपाच्या दाव्याचा मसुदा घेऊन आली. ऑफिस दुसरं. माझी अट अशी, की नावं झाकून आणायची. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं गुपित राहिलं पाहिजे. आधी ते पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ मध्ये आहे. तर तिने नावांच्या जागी क, ख, ग लिहून वंशावळ काढली होती. मूळ पुरुष क. त्याला तीन मुलगे. त्या तिघांना मिळून पाच मुलगे. सुबक काढली होती, पट्टीने रेघा मारून. मी पाच मिनिटं त्या वंशावळीकडे बघत बसलो आणि मग विचारलं, “या घरात मुली जन्मालाच आल्या नाहीत का?”

ती हसली. मग थांबली. “आल्या असतील, सर. पक्षकार बोलले नाहीत.”

पक्षकार बोलत नाहीतच. भाऊ वकिलाकडे येतो तेव्हा बहिणी त्याच्या हिशेबात नसतात. त्या दिल्याघरी सुखी असतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंका काढून टाकली. तरी आजही बहिणींना सोडून दावे दाखल होतात आणि वर्ष-दोन वर्षांनी समोरचा वकील आवश्यक पक्षकार नाहीत म्हणून हरकत घेतो. ती मुलगी पुढच्या आठवड्यात आली. वंशावळीत चार नव्या रेघा होत्या. त्यातल्या एका बहिणीला हक्कसोडपत्र करून दिल्याचं आठवतच नव्हतं, म्हणजे आणखी एक मुद्दा निघाला. मी तिला कायदा शिकवला नाही. तो तिला माझ्यापेक्षा ताजा येत होता. मी तिला फक्त पक्षकार काय सांगत नाही ते विचारायला शिकवलं.

तसंच शेतरस्त्याचं. बांधावरचा रस्ता शेजाऱ्याने नांगरला, की नवखा वकील दिवाणी कोर्टात दावा लावून मोकळा होतो. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. उसाच्या पट्ट्यात, जिथे तोडणीची गाडी आत गेली नाही तर ऊस वाळतो, तिथे ते सहा महिने म्हणजे अख्खा हंगाम.

शिकवणाराही शिकतो, असं म्हणायची पद्धत आहे. १ जुलै २०२४ नंतर मात्र ते अक्षरशः घडलं. त्या दिवशी आपले तीन फौजदारी कायदे बदलले आणि चाळीस वर्षं तोंडात बसलेले आकडे एका रात्रीत शिळे झाले. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८. सर्वात मोठी फजिती ४८२ ने केली. आमच्यासाठी ४८२ म्हणजे हायकोर्टाचा अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून घ्यायचा मार्ग. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. मी एका मुलाला ठासून सांगितलं, “चारशे ब्याऐंशी कर.” तो म्हणाला, “सर, जुनं का नवं?” मी म्हणालो, चारशे ब्याऐंशी म्हणजे चारशे ब्याऐंशी. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि कलमांचा तक्ता माझ्यापुढे धरला. तो तक्ता मी त्याच्याकडून मागून घेतला. अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

आता पैशाचं बोलतो, कारण ते टाळून हा विषय संपवणं लबाडीचं होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं : ज्युनियरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्यातल्या बऱ्याच सीनियरांची कमाई महिन्यागणिक हेलकावे खाते, हे मला माहीत आहे. १५ हजार प्रत्येकाला परवडतील असं मी म्हणत नाही. पण ‘आम्ही शिकवतो, तेच मानधन’ हे वाक्य आता बंद करावं. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत राबवून घेतलेल्या मुलाला शिक्षणाच्या नावाखाली जे मिळतं ते बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानाचे हेलपाटे असतात. मी सांगतो ती शेजारच्या टेबलाची सोय त्या मानधनाच्या बदल्यात देता येणार नाही. तसं कुणी करणार असेल तर मला त्यात धरू नये.

आणखी एक धोका नवा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. तीन वर्षं झाली, हे प्रमाणित करायला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखलाही चालणार आहे, न्यायिक अधिकाऱ्याच्या दुजोऱ्यासह. म्हणजे आपल्या सह्यांना भाव आला. पुण्यात क्लास लावून बसलेला मुलगा आपल्या वकालतनाम्यावर एक सही करून जाईल आणि तीन वर्षांनी दाखला मागेल. असे कागदी ज्युनियर येतील. काही आलेही असतील. ज्याने कधी पुकारा ऐकला नाही त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत नेणारी सही आपली असेल, एवढं सही करताना लक्षात ठेवा.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. ठराव मोठा नको, समिती नको, उद्घाटन तर अजिबात नको. ज्यांना दहा वर्षं झाली त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा, दुसरा-चौथा सोडून, म्हणजे कोर्टाचाच दिवस, कोर्ट उठल्यावर दोन तास. आपल्या ऑफिसातल्या ज्युनियरला आपल्याकडे बसवायचं नाही, दुसऱ्याकडे पाठवायचं. नावं झाकून प्रश्न विचारायचे. ज्याने सल्ला दिला त्याने त्या प्रकरणात कधीही वकालतनामा घालायचा नाही, कुठल्याच बाजूने. ही अट मोडली की तो यादीतून बाहेर. मूळ भीती पक्षकार पळवण्याची आहे आणि ती खरी आहे, म्हणून ही अट कडक हवी. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं. आणि बसणाऱ्याने पहिल्या भेटीत स्वतःची एक चूक सांगायची, पुरी, तारखांसकट. मी माझी मघाशी सांगितली. ती ऐकताना मागच्या रांगेतले तिघं-चौघं बोटांवर दिवस मोजत होते, ते मला इथून दिसलं.

शिरूर आणि दौंड यांची मी एकत्र सोय सुचवतो, त्यालाही कारण आहे. तालुक्याच्या एका बारमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. कोण कुणाला विचारायला गेला ते संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचतं. दौंडचा मुलगा न्हावऱ्यावरून शिरूरला आला, किंवा शिरूरची मुलगी चौफुल्यावरून दौंडला गेली, तर दोघांनाही मोकळेपणाने विचारता येईल. दौंड रेल्वेचं गाव, तिथे नोकरीची, कुटुंबाची, भाड्याची प्रकरणं येतात. शिरूरकडे औद्योगिक वसाहत आणि भूसंपादन. एकाला जे रोजचं आहे ते दुसऱ्याला वर्षातून एकदा लागतं.

वकीलसाहेब गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातली पुस्तकं कुणाला द्यायची यावर चर्चा झाली. ती बारला मिळाली, कपाटात आहेत. टेबल कुणी मागितलं नाही. ते अजून बाररूममध्ये भिंतीला लागून आहे, त्यावर हल्ली पाण्याचा जार ठेवतात. माझी विनंती आहे, तो जार तिथून हलवावा.

येत्या तिसऱ्या शनिवारी, कोर्ट उठल्यावर, मी त्या टेबलाशी बसतो आहे. बाहेर पडताना दाराशी एक वही दिसेल. ज्यांना दहा वर्षं झाली त्यांनी नाव लिहावं. पहिलं नाव मी लिहिलं आहे, दुसरं दौंडच्या एका मॅडमनी. ज्युनियर मंडळींनी काही लिहायचं नाही, फक्त यायचं.